कोपरापर्यंत चुडा

बांगड्यांची पेटी पहिल्यांदा डोक्यावर देताना बीबीजानने आपल्या सुनेला, रहिमतबीला, दोन गोष्टी बजावल्या होत्या. पहिली, बांगडी 'फुटली' असं बायकांपुढं कधी म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं. दुसरी, "हात बघायचा, त्वांड उघडायचं न्हाई."

दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड होती. बांगड्या भरणारीच्या मांडीवर साऱ्या खोऱ्याचे हात येतात. कुणाचा तळवा विळा धरून लाकूड झालेला, कुणाच्या मनगटावर चुलीतल्या जळत्या लाकडाचा चटका. तो चटका आपोआप पडलेला नाही, हेही कळतं. पण पौडाहून निघून मुठा खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर पायी फिरणाऱ्या बाईने इकडचं तिकडं केलं, तर उद्या दार कोण उघडणार? रहिमतबीने वीस वर्षं तोंड शिवून धंदा केला. बायका तिला मावशी म्हणत, बांगड्या भरून झाल्या की वाकून नमस्कार करत, ओच्यात तांदूळ-नाचणी घालत. ते दिवस गोडच होते. सारवलेली ओटी, गुळाचा चहा, पोरीबाळींची चेष्टामस्करी. त्या गोडीत माशी पडली ती भैरववाडीच्या हैबतरावांच्या घरी.

हैबतरावांचं घर म्हणजे वाडीतलं सगळ्यात मोठं. त्यांच्या जयसिंगचं लग्न मुठा गावच्या इंदूशी ठरलं, तेव्हा इंदूचा लग्नाचा चुडा रहिमतबीनेच भरला होता. लहानखुरा गोरा हात, सव्वादोनची बांगडी. सासरी ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, रत्ना. बापाने दिलेल्या पितळी भांड्यांवर हे नाव आधीच घालून आणलं होतं. परातीपासून वाटीपर्यंत सगळीकडे 'सौ. रत्नाबाई जयसिंग'.

तीन वर्षांनी, मोठा दुष्काळ सरल्यानंतरच्या दुसऱ्या साली, सकाळी सकाळी हैबतरावांचा गडी पौडाला आला.

"मावशी, चला बिगीनं. धाकल्या मालकीणबाई हिरीत पडून गेल्या. अहेव मरण हाय, चुडा भरायचाय."

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला हिरवा चुडा भरून, मळवट भरून वाटेला लावायची रीत. रहिमतबीने असे हात पूर्वीही भरले होते. मनात दुआ म्हणत ती काम उरकायची. ती गेली तेव्हा इंदूला ओसरीवर निजवलं होतं. केसांत शेवाळ होतं आणि साऱ्या ओसरीला कुजक्या पाण्याचा वास सुटला होता. जयसिंगची आई, रंभाबाई, उशाशी बसली होती. डोळे कोरडे.

"कोपरापत्तुर भर," ती म्हणाली. "सवाष्ण गेली माझी. काय कमी पडू देऊ नगंस."

हात सुजला होता. सव्वादोनची बांगडी चढेना, म्हणून रहिमतबीने अडीचची काढली. नेहमीसारखा लाल साबण ओला करून ती मनगटावर चोळू लागली आणि तिचा हात तिथंच थांबला. मनगटावर निळ्या खुणा होत्या. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक. अंगठ्याची खूण चांगली रुंद, रुपयाएवढी. बांगडी भरताना माणूस हात धरतो तशी ही पकड नव्हती. पिळून धरलं होतं.

तिने मान वर केली. रंभाबाई तिच्याकडंच बघत होती.

"थांबलीस का? साबण कमी पडला का?"

"न्हाई."

"मग भर."

रहिमतबीने भरल्या. एकामागून एक, मनगटापासून कोपरापर्यंत, दोन्ही हातांत. निळी खूण हिरव्या काचेखाली गेली. हवालदार पडवीत बसून कोंबडीचा रस्सा ओरपत होता. हात धुऊन, ढेकर देत तो ओसरीवर आला, लांबूनच बघितलं आणि म्हणाला, "भाग्याची बाई. भरल्या हातानं गेली." भरल्या चुड्याचा हात कोण वर सारून बघणार? पाय घसरून पडली असं त्याने लिहिलं, हैबतरावांनी मयताचं नाव सांगितलं, रत्नाबाई जयसिंग, आणि कागद मिटला.

रहिमतबी वाटेत ओढ्यावर थांबली. तिने हात धुतले, पुन्हा धुतले, वाळूने घासले. त्या साबणाचा वास नखांतून जाईना. घरी तिचा नवरा इलाही म्हणाला, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काय न्हाई. पित्त झालंय."

वर्षाच्या आत जयसिंगचं दुसरं लग्न झालं. मुलगी पलीकडच्या खोऱ्यातली, मंजुळा. धट्टीकट्टी, खळखळून हसणारी. मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक तिच्या गळ्यात बांधला, म्हणजे पहिलीचा आत्मा शांत राहतो. एवढं रीतीप्रमाणेच झालं. पण तांदळात नाव लिहायची वेळ आली तेव्हा रंभाबाई म्हणाली, "रत्नाच लिवा. एवढ्या भांड्यांवरलं नाव कोण खोडीत बसणार?"

मांडवातल्या बायका हसल्या. रहिमतबीला मात्र हसू आलं नाही. माणसाचं नाव भांड्यावरून घ्यायचं! मंजुळाला पुढं बांगड्या भरताना ती एकदा हळूच म्हणाली होती, "मंजे, बरी हायेस न्हवं?"

"मंजी कोन, मावशी?" पोरगी हसून म्हणाली होती. "हितं समदी रत्नीच म्हनत्यात. मेलीचं उष्टं नाव, पर करते काय?"

चार वर्षांनी तीच विहीर, तोच गडी, तोच निरोप. रंभाबाई तशीच उशाशी, आणि "कोपरापत्तुर भर" हेही तसंच. रहिमतबीने मंजुळाचं मनगट हातात घेतलं तेव्हा आपल्याला काय दिसणार हे तिला ठाऊक होतं. तरी जे दिसलं ते वेगळं होतं. खुणा होत्या, पण या वेळची बोटं बारीक होती, आणि अंगठ्यापाशी नखाची कोर रुतलेली. आयुष्यभर हात मापलेल्या बाईची यात चूक होणं शक्य नव्हतं. पहिली पकड आणि ही पकड एका हाताची नव्हती.

तिने समोर पाहिलं. पडवीत हैबतराव पान लावत होते, जयसिंग खांबाला टेकून विडी ओढत होता, रंभाबाई पदर सावरत होती. सहा हात. त्यांतले कुठले कधी? तिला कळेना, आणि न कळण्याचीच जास्त शिसारी आली. खुनी एक असता तर त्याच्यावर थुंकता तरी आलं असतं.

तिने पुन्हा भरल्या. निघताना रंभाबाईने तिच्या पेटीत एक पितळी वाटी टाकली. "राहू दे तुला. रत्नीची आठवन." वाटीवर नाव होतं. कुठल्या रत्नीची, हे विचारायची सोयच नव्हती. घरी येऊन रहिमतबीने ती वाटी कोंबड्यांच्या खुराड्यात पाण्याला ठेवली, नावाची बाजू भिंतीकडे करून.

महिनाभराने मंजुळाचा भाऊ कुशाबा पौडाला तिच्या दारात आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"मावशी, अर्ज दिला मी. माझ्या भनीला मारलं म्हनून. तर कचेरीतला कारकून काय म्हनतो? 'मयत रत्नाबाई जयसिंग, विहिरीत पडून. अहो, हे परकरन तर पाच वर्सापूर्वीच मिटलंय!' म्या म्हनलं, ती येगळी, ही येगळी. तो म्हनतो, 'नाव तेच, नवरा तोच, विहीर तीच. एका बाईला दोनदा मारताय का?' आन माझा अर्ज त्या जुन्या कागदांतच खुपसला. हसत हुता, मावशी."

कुशाबा उंबऱ्याशी खाली बसला.

"तुमी चुडा भरला. तुमी हात बघितला असंल. काय दिसलं का? तुमच्या एका सबदावर पुन्हा अर्ज देईन."

बीबीजान आत खाटेवर खोकत होती. कोपऱ्यात पेटी होती. रहिमतबीला खोऱ्यातली सगळी दारं एकदम डोळ्यांपुढं दिसली, बंद झालेली.

"न्हाई बाबा," ती म्हणाली. "काय दिसलं न्हाई."

कुशाबाने तिला नमस्कार केला आणि तो गेला. त्या नमस्काराची किळस तिला पुढं कित्येक वर्षं येत राहिली. ती स्वतःची किळस होती, म्हणून कुठल्या ओढ्यावर धुता येत नव्हती.

मग त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात घोटावड्याहून सारजाबाईचा सांगावा आला. शेवंताचं लग्न, चुडा भरायला या. शेवंताच्या पाचवीच्या दिवशी तिच्या इवल्या मनगटांत काळे मणी रहिमतबीनेच घातले होते. ती आनंदाने गेली. अंगणात मांडव, हळदीचा वास, बायकांचा कलकलाट. ओटीवर, माजघराच्या दारापाशी, पाटावर शेवंता, हात पुढं करून. दोन-चार बांगड्या भरून झाल्या तेव्हा रहिमतबीने सहज विचारलं, "कुटं दिली गं पोरीला?"

"भैरववाडीला की!" सारजाबाई म्हणाली. "हैबतरावांच्या जयसिंगाला. हे बघा, सासरची मानसं बी आल्यात. त्यांची चुलती."

नवऱ्याची चुलती, जाडजूड बाई, हिरवं लुगडं आणि ओटीचं ताट घेऊन बसली होती. ताटात दोन चांदीचे टाक होते.

"दोन सवतींचं दोन टाक," चुलती पान चघळत म्हणाली. "लई शांत बाया हुत्या. काय तरास न्हाई द्यायच्या. आन नाव बी ठरलंय, रत्ना. आमच्या जाऊबाईंनी भांडी घासून लख्ख करून ठिवल्यात."

बायका हसल्या. रहिमतबीने हातातली बांगडी खाली ठेवली. ती सारजाबाईला घेऊन माजघरात गेली.

"सारजा, ही पोरगी तितं देऊ नगंस."

"का?"

"त्या दोघी पडल्या न्हाईत. दोघींची मनगटं म्या बघितली. धरून टाकल्यात."

सारजाबाईने खालच्या मानेने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "लोक बोलत्यात तसं. ह्यांच्या कानावर बी आलंय."

"आन तरी?"

"घर मोठं हाय, मावशी. पोरीचं रूप बेताचं. बिजवराला दिली तर मान खाली, पर पोट तर भरंल. आन बाई नीट वागली तर कोन कशाला मारतंय?"

म्हणजे माहीत सगळ्यांना होतं. सारजाच्या नवऱ्याला, गेणबाला होतं, चुलतीला होतं, रस्सा ओरपणाऱ्या हवालदाराला होतं, आणि सगळ्यांत आधी तिला स्वतःला होतं. सगळ्या खोऱ्याने मिळून कोपरापर्यंत चुडा भरला होता.

ती बाहेर आली, पाटासमोर बसली. शेवंताने हात पुढं केला. मनगट बारीक, सव्वादोनचं. इंदूचंच जणू. रहिमतबीने साबण बाजूला सारला, बांगडी मनगटाच्या हाडावर आडवी धरली आणि अंगठ्याने दाबली. कट्. एक तुकडा उडून ताटात पडला.

"अगं बाई, वाढली!" कुणीतरी म्हणालं.

दुसरी. कट्. बायका पुढं झुकल्या. तीस वर्षांत नवरीच्या हातावर रहिमतबीची एक बांगडी वाढली नव्हती. तिसरी फोडली तेव्हा काच शेवंताच्या कातडीत रुतली आणि रक्ताची धार पाटावर आली. शेवंता कळवळली, पण तिने हात मागं घेतला नाही. ती मावशीच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. माजघराच्या दाराशीच तर तिचा पाट होता.

"वाढल्या, मावशी?" तिने विचारलं.

"न्हाई," रहिमतबी मोठ्याने म्हणाली, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशी. "फुटल्या."

चुलती तरातरा उठली. "हळदीच्या अंगाला रगात! तीन तीन कांकणं फुटली! असली अवदसा आमच्या दारात? आमच्या घरात दोन अपमृत्यू झाल्यात, आता आमालाच खाईल ही!" तिने ताट उचललं. टाक खणखणले. दुपारच्या आत लग्न मोडल्याचा निरोप आला.

सारजाबाईने रहिमतबीच्या अंगावर पेटी फेकली. "रांडे, माझ्या लेकीचं वाटोळं केलंस!" गेणबा काठी घेऊन धावला. रहिमतबी काचा वेचत बसली नाही. तशीच, रिकामी पेटी घेऊन चालत पौडाला आली. त्या दिवसापासून खोऱ्यातल्या एकाही दाराने तिला हाक मारली नाही. हात अपशकुनी झाला होता. मुलगा युनूस पौडात दुकान बघायचा, ती मागं बसून बांगड्यांच्या माळा ओवायची.

जयसिंगला तिसरी बायको मिळाली नाही. तेवढं एक झालं. तीन फुटक्या बांगड्यांना खोरं घाबरलं, दोन मेलेल्या बायकांना घाबरलं नव्हतं. बाकी काही झालं नाही. कुशाबाचा अर्ज जुन्या कागदांत राहिला. हैबतराव म्हातारपणाने गेले, तेव्हा दिंडीसारखी माणसं जमली. रंभाबाई बाजाराला यायची, दुकानावरून जाताना मान वळवायची. जयसिंगला लोक वाकून रामराम करायचे. कुठला हात रुंद आणि कुठला बारीक, हे कधीच कुणी विचारलं नाही, आणि रहिमतबीलाही ते अखेरपर्यंत नीट कळलं नाही. रंभाबाईचा हात तिने पूर्वी दहा वेळा भरला होता, तरी शपथेवर सांगता आलं नसतं. तिची झोप त्यानेच जायची.

लग्न मोडल्यावर चार वर्षांनी, शेवंतीची वेणी माळून, एक ओळखीचा चेहरा दुकानासमोर आला, शेवंताचा. कडेवर पोर. उजव्या मनगटावर पांढरी रेघ.

"भरा की, मावशी."

युनूस पुढं झाला, त्याला तिने हाताने मागं सारलं. बऱ्याच दिवसांनी तिने साबण ओला केला. त्याचा वास आला तशी तिला एकदा उमासा आला. तिने तो गिळला.

"सासरी नाव काय ठिवलं गं?"

"ठिवत हुते. म्या नगं म्हनलं."

रहिमतबीने मनगटात चारच बांगड्या भरल्या, त्याही सैल.

"एवढ्याच? अजून भरा की वर."

"न्हाई," ती म्हणाली. "मनगट दिसू दे."