ठराव क्रमांक चौदा (अ)

तुळजाबाईनं भाजीची रिकामी पाटी उंबऱ्यातच आदळली, तेव्हा ताराबाई चहा गाळत होत्या.

"बाई, हे तुमचं अक्षर हाय का, जल्दी सांगा," कमरेच्या पिशवीतून घडी केलेले कागद काढत ती म्हणाली. "आमाला उठवून राह्यलेत. आठ दिवसात वटे खाली करा म्हणतेत. आन् ह्याच्यावर तुमचं नाव हाय म्हणं."

आंबेटाकळीच्या आठवडी बाजारात तुळजाबाईचा ओटा होता. तिच्या आधी तो तिच्या सासूचा. तिथं बसून तिनं मेथी-शेपू विकून तीन पोरींची लग्नं केली होती. आणि ताराबाईंनी आंबेटाकळीच्या नगरपालिकेत तेहेतीस वर्षं नोकरी केली होती. त्यातली वीस वर्षं त्या सभा लिपिक होत्या. सभेत कोण काय बोललं, काय ठरलं, कोणी सुचवलं, कोणी अनुमोदन दिलं, हे सगळं इतिवृत्ताच्या रजिस्टरात त्यांच्याच हातानं उतरलेलं.

त्यांनी चष्मा पुसून कागद वाचले. पहिला कागद नोटिशीचा. दुसरा म्हणजे रजिस्टरच्या एका पानाची झेरॉक्स, सन एकोणीसशे शहाण्णव. बाजाराची सगळी जागा एका शिक्षण संस्थेला नव्व्याण्णव वर्षांच्या करारानं देण्यास सर्वानुमते मंजुरी. खाली तेव्हाचे नगराध्यक्ष तातेराव यांची सही. तातेराव जाऊन बारा वर्षं झाली होती. संस्था आता त्यांचा पुतण्या सूरज चालवत होता.

अक्षर ताराबाईंचंच होतं. ळ ला तसंच पोट, र ची शेपटी तशीच. घटकाभर त्यांना वाटलं, लिहिलं असेल आपणच, वय झालं, विसरलो. मग त्यांची नजर क्रमांकावर गेली. ठराव क्रमांक १४ (अ). त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. अ? उभ्या नोकरीत त्यांनी ठरावाला कधी अ, ब जोडलं नव्हतं. चौदानंतर पंधरा. शाळेतल्या पोरालाही कळतं.

"अक्षर माझ्यासारखं आहे, तुळजाबाई. पण मी लिहिलेलं नाही."

"मंग चला अन् सांगा तसं नगरपालिकेच्या म्याडमला. उद्याच."

"चला," ताराबाई म्हणाल्या. बाकीचं काही त्यांनी सांगितलं नाही.

बाकीचं पुष्कळ होतं. ताराबाई नोकरीला लागल्या तेव्हा जालना जिल्हाही झाला नव्हता, टपाल औरंगाबादला जायचं. म्हाताऱ्या हेडक्लार्कनी पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातात पट्टी दिली होती. ठराव लिहून संपला, की खाली जेवढी जागा उरेल तिच्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ मारायची. "बाई, रिकाम्या जागेत उद्या कोण काय लिहील ते आपल्याला ठाऊक नाही. जाब मात्र तुम्हालाच विचारतील." त्या दिवसापासून पट्टी त्यांच्या टेबलावरून हलली नाही. त्या काळी क्लार्क म्हणजे नुसता कागद सरकवणारा नव्हता. लोक घरचे तंटे घेऊन यायचे आणि म्हणायचे, ताराबाईच्या रजिस्टरात आहे का? असेल तर खरं.

फक्त एकदा चुकलं होतं. शहाण्णव सालच्या पहिल्या सभेत चौदा ठराव झाले आणि तातेराव म्हणाले, "अर्धं पान ठेवा बाई. ऐनवेळचा एक विषय आहे, उद्या सांगतो." सभा संपल्यावर विषय कसला, हे त्यांनी तिथंच विचारायला हवं होतं. अध्यक्षांपुढं जीभ उचलली नाही. तातेरावांनी पानाच्या तळाशी सही केली, वरची जागा कोरी ठेवून. दुसऱ्या दिवशी निरोप आला, विषय नाही, राहू द्या. ताराबाई रेघ मारायला पट्टी उचलणार, तेवढ्यात टेंभुर्णीहून माणूस आला. थोरले दीर गेले होते. त्या गेल्या, त्या तेराव्यानंतरच परतल्या. तोवर पुढची सभा होऊन आधीचं इतिवृत्त वाचून, मान्य होऊन कायम झालेलं. एकदा कायम झालेल्या पानाला कोणी पेन लावायचं नाही, लिहिणाऱ्यानंही नाही. मग रेघ मारली असती तरी तो गुन्हाच. राहिला होता एकच मार्ग. मुख्याधिकाऱ्यांना लेखी कळवायचं की माझ्याकडून जागा कोरी राहिली. ते त्यांनी केलं नाही. लाज वाटली.

सांगितलं ते एकालाच. राधेश्याम नवा लागला होता, त्याला काम शिकवताना ते पान उघडून दाखवलं. "हे बघ, माझ्यासारखं कधी करू नकोस."

राधेश्याम आता हेडक्लार्क होता, आणि त्याचा मुलगा सूरजच्या संस्थेत शिक्षक.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास पुढं केला. "बाई, तुम्ही कशाला आलात एवढ्या उन्हात? निरोप द्यायचा होता, मीच आलो असतो."

"तू लिहिलंस ते पान?"

"काय बोलता बाई! जुनं दप्तर लावताना सापडलं. तुमचंच अक्षर." मग तुळजाबाईकडं चोरून बघत तो हळू आवाजात ताराबाईंना म्हणाला, "पोलीस, कोर्ट हे आपल्या वयाला झेपत नाही बाई. तुम्ही फक्त गप्प बसा. विचारलं तर म्हणा, एवढ्या वर्षांचं आठवत नाही."

"मला सगळं आठवतं. तेच तर तुझं दुखणं आहे."

"वटा तुझ्या बापाचा हाय का रे, द्यायला?" तुळजाबाई मधेच म्हणाली.

"तुझ्या तरी बापाचा आहे का?"

"माझ्या सासूचा हाय! पावती हाय दर बाजाराची, बराबर ठिवलेली. तुझ्यावानी लिवून न्हाई आणली."

आवाज ऐकून आतून मुख्याधिकारी मधुवंती यांनी तिघांनाही बोलावलं. वय तिशीच्या आत, पण बोलणं तोलून. समोर मूळ रजिस्टर उघडं होतं. ताराबाईंनी वीस वर्षं सांभाळलेली लाल कापडाची पाठ बघितली आणि त्यांना आपलं मूल परक्या घरी भेटावं तसं झालं.

"मॅडम, हा ठराव झाला नाही. मी लिहिला नाही. चौदा अ असा आकडाच मी कधी लिहिलेला नाही. पंधरा आकडा पुढच्या सभेला गेला होता, म्हणून हा अ."

"राधेश्यामजी म्हणतात, ऐनवेळच्या विषयाला तेव्हा अ द्यायची पद्धत होती."

"नव्हती."

"मॅडम, एक सांगू का?" राधेश्याम नम्रपणे पुढं झाला. "बाईंचं रजिस्टर सगळ्या जिल्ह्यात नावाजलेलं. मी स्वतः त्यांच्या हाताखाली शिकलो. तुम्ही कुठलंही पान काढा. कोऱ्या जागेवर रेघ मारलेली नाही असं एक पान दाखवा. मग मधे लिहायला कोणाला जागा मिळणार? जागाच नव्हती. म्हणजे ठराव तेव्हाचाच. बाईंचं आता वय झालं, एवढंच."

मधुवंती पानं उलटत गेल्या. दहा, वीस, चाळीस. प्रत्येक पानावर तिरपी रेघ. पट्टीनं मारलेली, एकही वाकडी नाही. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "मी असं रजिस्टर पाहिलेलं नाही. मग बाई, या पानावर जागा आली कुठून?"

ताराबाईंना तेव्हा कळलं की या माणसानं त्यांचं नावच चोरलं होतं. अक्षर तर कोणीही गिरवील. पण त्यांच्या सचोटीची साक्ष काढून खोटं खरं करायचं, हे शिकवलं कुणी याला? आणि नाव राखायचं असेल तर आता गप्प बसायचं. आठवत नाही म्हणायचं. म्हातारीला कोणी वाईट म्हणणार नाही. बाजारात मात्र कुंपण पडेल.

संतापानं त्यांचा आवाज चिरका निघाला. "जागा मी कोरी सोडली होती. मी! अध्यक्ष म्हणाले म्हणून अर्धं पान ठेवलं. रेघ मारायची राहिली, आणि इतिवृत्त कायम झाल्यावर मला ती मारता येईना. मी लेखी कळवायला पाहिजे होतं. ते माझं कर्तव्य होतं. मी कळवलं नाही. ते कोरं पान फक्त याला माहीत होतं, कारण मीच याला दाखवलं. शिकावं म्हणून दाखवलं, मॅडम! चांगला शिकला."

राधेश्याम टेबलापासून एक पाऊल मागं सरला.

"याला पुरावा?" मधुवंतींनी विचारलं.

"प्रत्येक सभेनंतर ठरावांच्या नकला जालन्याला कलेक्टर कचेरीत जायच्या. त्या सभेच्या मी दिरांकडं जायच्या आधीच टपालात टाकल्या. चौदा होत्या. मागवून घ्या. आणि माझा जबाब आत्ता घ्या, माझ्या चुकीसकट. सही करते. आवक क्रमांक टाकून पोच द्या."

जबाब झाला, पोचेसह त्याची प्रत ताराबाईंना मिळाली. मधुवंतींनी रजिस्टर स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं, नकलांसाठी जालन्याला पत्र काढलं आणि चौकशी होईपर्यंत ओट्यांच्या नोटिशीला स्थगितीचं पत्र हातात दिलं. राधेश्यामला त्यांनी थांबायला सांगितलं. तो ताराबाईंकडं बघून एवढंच म्हणाला, "बाई, स्वतःचंच नाव घालवलंत."

"होतं माझ्याकडं. घालवलं," ताराबाई म्हणाल्या. "तू काय घालवणार?"

जिना उतरून रस्त्यावर येताच तुळजाबाई वळली. "काल माझ्या म्होरं चहा प्यालात, तवा का न्हाई सांगितलं?"

"जीभ उचलली नाही."

"आन् इतके वरीस? एकाला सांगितलं, ते बी त्या मुडद्याला! आमी तुमच्या रजिस्टरची शपथ खायचो, बाई."

आपण म्हातारे आहोत, आज खरं बोललो, त्याचं काही मोल धरावं, असं ताराबाईंना क्षणभर वाटलं. लगेच त्याचीही लाज वाटली.

"चला बाजारात," तुळजाबाई म्हणाली. "आमच्या बायांना वाचता येत न्हाई. सगळ्यांना वाचून दाखवा, मोठ्यानं. स्थगिती बी, आन् तुमचा जबाब बी."

बाजाराचा दिवस होता. शेजारच्या ओट्यावरच्या बेबीनंदानं कांद्याच्या ढिगामागून गोणपाट सरकवून जागा केली, पण ताराबाई बसल्या नाहीत. ओट्यावर चढून त्यांनी आधी स्थगितीचं पत्र वाचलं. बायका टाळ्या वाजवायला लागल्या, तशी तुळजाबाईनं हात वर करून त्यांना थांबवलं. मग जबाब वाचला. सभा, अर्धं पान, टेंभुर्णी. "सदर जागा माझ्याकडून कोरी राहिली व ती बाब मी वरिष्ठांस लेखी कळविली नाही. ही माझ्या कर्तव्यातील कसूर आहे," इथं त्यांचा आवाज बसला.

"आयकू न्हाई आलं," पलीकडच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं.

ताराबाईंनी घसा खाकरला आणि ते वाक्य पहिल्यापासून, मघापेक्षा मोठ्यानं वाचलं.