निळ्या झाकणाखाली

ओळखा पाहू मी कोण, असं विचारण्याइतकी मी मोठी लागून गेलेली नाही. मित्रांनो, मी क्रीमची एक जुनी डबी आहे. अंग जाड पांढऱ्या काचेचं, झाकण निळ्या पत्र्याचं, आणि झाकणाच्या कडेला एक पोचा. न्हाणीघरातल्या आरशाखालच्या फळीवर माझी जागा आहे. तुम्हीही रोज तोंड धुऊन गालांना जे काही लावता, ते कुठल्या तरी डबीतूनच काढता ना? मग माझी हकीकत तुमच्या कामाची आहे. ती सांगताना मला त्रास होणार आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म भट्टीतला. रसरशीत काच साच्यात ओतली गेली आणि माझ्यासारख्या शेकडो जणी एका सरकत्या पट्ट्यावर निवत निवत निघाल्या. पट्ट्याच्या शेवटी एक बाई बसायची. ती प्रत्येकीला नखाने टिचकी मारून आवाज ऐकायची. तडा असेल तर आवाज बसका येतो म्हणे. माझा आवाज खणखणीत आला, तेव्हा ती नुसती मान हलवून पुढच्या डबीकडे वळली. एवढंच ते कौतुक, पण मला ते कित्येक वर्षं पुरलं. मग माझ्यात गुलाबाच्या वासाचं क्रीम भरलं गेलं आणि मी दुकानात आले.

तिथून मला एका तरुण मुलीने घेतलं. ती नुकतीच एका ब्युटी पार्लरमध्ये काम शिकायला लागली होती. भुवया कोरताना तिचा हात थरथरायचा, म्हणून ती घरी येऊन स्वतःच्याच पायाच्या केसांवर दोरा फिरवून सराव करायची. क्रीम संपलं तरी तिने मला टाकलं नाही. गरम पाण्याने धुतलं, उन्हात वाळवलं आणि कपाटात ठेवलं. पुढे तिचं लग्न झालं, मुलगी झाली. मुलीचे गाल थंडीत तडकायला लागले, तेव्हा तिने मेण वितळवलं, त्यात बदामाचं तेल आणि गुलाबपाणी घालून घोट घोट घोटलं आणि ते लोण्यासारखं क्रीम माझ्यात भरलं. त्या दिवसापासून मी त्या मुलीची झाले. तिचे बाबा तिला ठकी म्हणायचे. ठकीला बोलता येत नव्हतं, तेव्हासुद्धा ती माझ्या निळ्या झाकणाकडे बोट दाखवून गाल पुढे करायची.

आमच्या घरची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. झाकण असलेली कुठलीही वस्तू आमच्याकडे टाकून देत नाहीत. बिस्किटांच्या डब्यात सुयादोरे, जामच्या बाटलीत बटणं, कॉफीच्या बाटलीत मीठ. कशात काय आहे ते सगळ्यांना तोंडपाठ, त्यामुळे वर लिहिण्याची कुणाला गरजच वाटली नाही. एकदा बाबांनी झोपेत कॉफी करायला घेतली आणि दुधात दोन चमचे मीठ घातलं. पहिल्या घोटाला त्यांचं तोंड असं काही झालं की मायलेकी पोट धरधरून हसल्या. मीही फळीवरून हसले. त्या हसण्याची आज मला लाज वाटते.

ठकी तेरा वर्षांची झाली आणि फळीवर नवी मंडळी यायला लागली. मैत्रिणींनी दिलेली, मामीकडून हट्टाने मिळवलेली, कुठे वाढदिवसाला आलेली. चेहऱ्यावर थेंब थेंब टाकायचं सीरम, ओठांना चकाकी आणणारं तेल, नाकावर चिकटवून ओढून काढायची पट्टी, काळ्या मातीचा लेप, अंघोळीच्या पाण्यात टाकायचं रंगीत मीठ. सीरमची बाटली तर ड्रॉपर वर करून अशी उभी राहायची, जणू फळी तिच्या माहेराहून आली आहे. ठकी फोन आरशाला टेकवून त्यातल्या बाईचं बघून एकावर एक सगळं लावायची. बाबांचा अंगाला, डोक्याला आणि दाढीला मिळून एकच साबण. ते बाहेरून दार वाजवून म्हणायचे, "ठके, रंगकाम झालं असेल तर घरमालकाला आत येऊ दे!"

नव्याचे नऊ दिवस म्हणून मी गप्प राहिले. पण नऊचे नव्वद झाले. मी मागे सरकत सरकत भिंतीला टेकले. एकदा आईने सवयीने माझं झाकण उघडून बोट पुढे केलं, तर ठकी मान मागे घेत म्हणाली, "शी, आई! हे आता कुणी लावतं का? चिकट्ट आहे." आईने ते क्रीम स्वतःच्या हातांना चोळलं आणि विषय बदलला. दिवसभर दुसऱ्यांचे चेहरे सजवणारी बाई, तिला पोटच्या पोरीने असं म्हणावं. माझ्यातलं क्रीम संपलं, तेव्हा तिने नवं केलं नाही. मी रिकामी राहिले, आणि ते ठकीला कळलंही नाही.

आता तो दिवस. आई गिऱ्हाइकांच्या घरी जाऊनही कामं करायची. त्या दुपारी तिच्या पिशवीतली एक ट्यूब फुटली. टाचांची राठ, मेलेली कातडी सोलून काढायचं जालीम औषध होतं ते. दिसायला पांढरंशुभ्र, घट्ट. हातमोजे घातल्याशिवाय आई त्याला शिवत नसे. संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला ते लागणार होतं. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि मला उचललं. "ही तर आता कुणी बघतही नाही," असं स्वतःशीच पुटपुटत तिने ते सगळं माझ्यात पिळलं, झाकण लावलं आणि मला जागेवर ठेवलं. तासाभराने परत येऊन घेऊन जाईन, या बेताने ती दुसऱ्या कामाला गेली.

मित्रांनो, पट्ट्यावरच्या त्या बाईने तेव्हा मला टिचकी मारली असती, तर आवाज खणखणीतच आला असता.

ठकी शाळेतून आली ती रडवेली होऊन. आठवडाभर पाच-पाच थर लावून तिचे गाल लाल झाले होते, साध्या पाण्यानेही चुरचुरत होते. वर्गात कुणी तरी तिला टोमॅटो म्हटलं होतं. तिने सीरम उचललं, परत ठेवलं. लेप उचलला, परत ठेवला. मग तिचा हात सगळ्यांच्या मागे गेला. किती महिन्यांनी! मला तिच्या बोटांची ओळख पटली आणि मी आतून ओरडले, नको गं, नको. पण काचेचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

झाकणाच्या आतल्या कागदाला अजून गुलाबाचा वास होता. खाली काही तरी आंबूस होतं, पण "जुनं झालं असेल" म्हणत तिने ते जाडसर थापलं. चुरचुरलं, तर फोनमधल्या बाईने शिकवलेलं तिला आठवलं, की चुणचुण झाली म्हणजे गुण येतोय. डोळे मिटून ती तशीच पलंगावर पडून राहिली. आईच्या क्रीमवर तिचा इतका विश्वास होता, की दुखत असूनही तिने तोंड धुतलं नाही. अर्ध्या तासाने तिची किंकाळी ऐकू आली.

बाबांनी फोन लावला, आई धावत आली. गालांवरची आणि हनुवटीवरची कातडी पांढरी पडून सुटायला लागली होती. पाण्याने धू धू धुतलं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, लावलेलं सगळं घेऊन या. बाबांनी फळीवरचं सगळं पिशवीत लोटलं. त्यात मीही होते.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर एकेक वस्तू मांडली. "बाप रे, दुकानच आहे! या वयात हे कशाला गं?" ठकी हुंदके देत एकेक सांगत होती. सगळ्यात शेवटी त्यांनी मला उचललं. ठकी म्हणाली, "ते आईने घरी केलेलं आहे. त्याने काही होत नाही."

"मग राहू दे," म्हणून त्यांनी मला बाजूला सारलं आणि ठकीला रागावत औषध लिहायला घेतलं. ठकी आईकडे वळली. "माझंच चुकलं आई. मी तुझं ऐकायला हवं होतं."

मी आईकडे पाहत होते. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. एक शब्द न बोलता ती सुटली असती. सगळा दोष त्या नव्या बाटल्यांवर गेला असता, आणि त्यांचा थोडा होताही. पेन अर्ध्या कागदावरून पुढे गेलं. तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टर, ती डबी उघडा."

त्यांनी उघडली, वास घेतला आणि हात पुसला. "हे टाचांचं ना?"

"हो. मीच भरलं. ट्यूब फुटली होती."

डॉक्टरीणबाईंनी पहिला कागद फाडला आणि दुसरा लिहिला. तिघं घरी आली. दारात ठकीने एवढंच विचारलं, "आई, तू सांगणार होतीस ना?"

आई खाली बसली. "आधी गप्प बसणार होते, ठके."

खोटं बोलणं किती सोपं होतं! पण ती खोटं बोलली नाही. ठकी आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

गाल भरून आले. हनुवटीवर मात्र बोटभर काळसर डाग राहिला आहे, तो फिका होईल म्हणतात. नव्या मंडळींपैकी बरीच कचऱ्यात गेली. तरी रोज सकाळी ठकी साधी साबणाची वडी हातात घेऊनही विचारते, "आई, यात काय आहे?" आई हातातलं काम ठेवून येते आणि सगळं सांगते. ती एकदाही चिडलेली नाही. गेल्या आठवड्यात तिने पुन्हा मेण वितळवलं. ठकी शेजारी उभी राहून काय काय पडतंय ते बघत होती. शेवटी आईने मला पुढे केलं, तर ठकी हळूच म्हणाली, "या डबीत नको."

मित्रांनो, एका वस्तूच्या भांड्यात दुसरी वस्तू भरू नका, आणि भरलीच तर वर लिहायला एक क्षणही थांबू नका. अंगाला लावलेलं झोंबलं तर वाट पाहू नका, आधी धुऊन टाका. आणि जिचा हात तुमच्या गालावर फिरला आहे, तिचं क्रीम चिकट आहे म्हणायच्या आधी जरा थांबा.

मला अजून टाकलेलं नाही. ठकीने माझ्या झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्या अक्षरात लिहिलं आहे: 'रिकामी'. ते वाचून वाईट वाटतं. पण आता माझ्यावर जे लिहिलं आहे, तेच माझ्या आत आहे.