ताठ मानेचा हार

मी पक्कड बोलतेय. ऐकू येत नसेल तर जवळ या, पण बोट मध्ये घालू नका. सवय वाईट आहे माझी.

मला दात नाहीत. हसू नका, हे म्हातारपण नव्हे, जन्मतःच बोळकं आहे माझं. दातवाल्या पकडी नळाच्या नि खिळ्यांच्या कामाच्या. त्यांनी तारेची कडी धरली की तिच्यावर चावे उमटतात. मी कड्यांच्या दागिन्यांची. शाळा म्हणाल तर कारखान्यात दोनच धडे झाले, एक तोंड उघडायचा आणि एक मिटायचा. मोठमोठ्या पदव्या घेतलेल्या माणसांचासुद्धा दुसरा धडा कच्चा राहिलेला मी पाहिलाय.

आम्ही जुळ्या. मी आणि माझी बहीण. एकीनं कडी घट्ट धरायची, दुसरीनं पिळायची. फाकवायची नाही बरं का! फाकवली की कडीचा गोलपणा गेला. एक टोक पुढे, एक मागे, असं पिळायचं, त्यातून दुसऱ्या चार कड्या ओवायच्या आणि परत मिटायचं. मिटताना फट राहता कामा नये. बस, एवढंच शास्त्र. पूर्वी योद्धे असली चिलखतं घालून लढायला जायचे. आता आमचे लोक त्याच विणीची बांगडी करून मेहुणीला देतात. धाडस दोन्हीकडे सारखंच लागतं.

आमची पहिली मालकीण लव्हॉन, शाळेत भूगोल शिकवायची. मोठ्या हौसेनं तिनं आम्हाला आणलं, एका कानातल्याचा अर्धा भाग केला आणि पुढची सहा वर्षं माझ्याकडून अक्रोड फोडून घेतले. मग एका शनिवारी अंगणात टेबल मांडून तिनं घरातली अडगळ विकायला काढली. एका फुटक्या मेणबत्तीदाणीशेजारी आम्ही दोघी पडून होतो. तिथं आम्हाला व्हर्लिन सोबोत्कानं उचललं.

व्हर्लिन चीजच्या कारखान्यात एकतीस वर्षं होता. निवृत्त झाला आणि त्याच उन्हाळ्यात जत्रेला गेला. ती जुन्या काळचे वेश घालून भरवायची जत्रा, जिथं विमा विकणारी माणसं राजे होतात आणि चिलखताखाली नाडीचे बूट घालून टर्कीची तंगडी चावत फिरतात. तिथल्या एका पालात दाढीवाला कड्या जोडत बसला होता. व्हर्लिन त्याच्यासमोर तीन तास उभा राहिला. घरी आला तो कारागीर होऊनच.

तळघरात कपडे धुवायचं यंत्र आणि हरणाच्या मांसानं भरलेला फ्रीझर यांच्या मध्ये त्याचं टेबल. पाच वर्षांत त्यानं एकसष्ट दागिने केले आणि सगळे वाटले. नाताळ आला की नातेवाईक आरशासमोर आनंदी चेहऱ्याची तालीम करायचे. माणसांची एक गंमत सांगते. भेट उघडताना ती भुवया आधी उंचावतात, डबी मग उघडतात. "अगंबाई! हातानं केलंस?" नाही तर काय पायानं? मग डबी बंद, थेट खणात. व्हर्लिनला वाटायचं, चांगल्या प्रसंगासाठी जपून ठेवलंय.

त्याची बायको आर्लिस मात्र स्पष्ट बोलायची. "अरे, हा हार माझे मानेवरचे केस उपटतो."

"तुझी मान वाकडी आहे, आर्लिस."

मान सरळच होती. कड्यांच्या फटी मिटत नव्हत्या, कारण हा पठ्ठ्या चष्मा लावत नव्हता. मला ठाऊक होतं, पण पकडीला कोण विचारतो?

मग त्यांच्या लग्नाचा चव्वेचाळिसावा वाढदिवस जवळ आला, नेमका शुक्रवारी. दर शुक्रवारी गावातल्या खानावळीत तळलेला मासा खायला सगळं गाव जमतं, आर्लिसची थोरली बहीण जिनीव्हासुद्धा. ही जिनीव्हा व्हर्लिनला 'काय लोहार, कसं चाललंय?' अशी हाक मारायची. व्हर्लिननं जाहीर केलं, "त्या शुक्रवारी आर्लिस माझा हार घालून येईल. नाही घातला, तर पकडी विकून टाकीन." माझी बहीण मिटली ती उघडेचना.

आणि नेमका तिथंच घोटाळा झाला. जांभळा रंग आवडला म्हणून त्यानं कड्या समुद्रापलीकडून मागवल्या. तार अठरा नंबरची. आता आपला अठरा नंबर वेगळा नि त्यांचा वेगळा. त्यांची तार अंमळ जाड. कडीचं भोक तेवढंच, तार जाड, मग आत चार कड्या शिरणार कुठून? पहिल्या बोटभर विणीतच मी कळवळले. शहाणा माणूस थांबला असता. व्हर्लिन म्हणाला, "वापरून सैल होईल." तीन आठवडे तो आम्हाला पिळत होता. शेवटी तयार झालं ते टेबलावर आपलं आपण उभं राहिलं.

आर्लिसनं गळ्यात घालून पाहिलं. तिला खाली बघता येईना.

"व्हर्लिन, हा हार आहे की गटाराचा पाइप?"

"भारदस्त आहे."

"मला माझी बशी दिसायची नाही रे! मासा खाऊ कसा? अंदाजानं?" तिनं तो काढून ठेवला. सोबत पाच केस गेले.

व्हर्लिन फक्त "बरं" म्हणाला. खाली आला, आम्हाला पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकलं आणि वर लिहिलं, 'विकणे'. मी थट्टेखोर आहे, पण हे खरं सांगते. त्यानं दिवा मालवला, तेव्हा पाठमोरा माणूस फार म्हातारा दिसला.

दुसऱ्या दिवसापासून तो वरच राहायला लागला. वरचं सगळं आम्हाला खाली ऐकू येतं.

सोमवारी: "आर्लिस, कांदा असा नाही चिरत."

मंगळवारी: "मी तुझ्या मसाल्यांच्या बाटल्या उंचीनुसार लावल्यात."

बुधवारी तिची मालिका चालू असताना हा शेजारी बसून प्रत्येक पात्राबद्दल विचारत होता, "ही कोण? मग तो कोण? मघाशी मेला तो?" गुरुवारी तो तिच्यामागून वाणसामानाच्या दुकानात गेला आणि चीजची प्रत्येक वडी उचलून गल्ल्यावरच्या बाईला त्यातले दोष सांगून आला.

गुरुवारी संध्याकाळी जिना करकरला. आर्लिस एकटीच खाली आली. खोक्यातून आम्हाला काढलं, पदराला म्हणजे तिच्या एप्रनला पुसलं आणि टेबलावर जोडीनं ठेवलं. मग शेजारचा तो जांभळा पाइप उचलला.

शुक्रवारी व्हर्लिननं आम्हाला शर्टाच्या खिशात घातलं होतं, तोंडं बाहेर. ऐनवेळी एखादी कडी निसटली तर म्हणून. आर्लिस जिराफासारखी मान करून खानावळीत शिरली. ब्रँडीचा पेला तिनं छताकडे बघत प्यायला. कोबीची कोशिंबीर मांडीवर सांडली. पण हार निघाला नाही.

जिनीव्हा वाटच बघत होती. "आर्ले, मान आखडलीय की कुत्र्याचा पट्टा घातलायस?"

"माझ्या नवऱ्यानं केलाय," आर्लिस छताला म्हणाली. "मला आवडतो. आणखी तीन करायला सांगितलेत."

इतकं सुरेख खोटं मी जन्मात ऐकलं नाही. व्हर्लिनचे कान लाल झाले. तो माशाचे काटे काढून तिच्या बशीतले तुकडे तिला भरवू लागला, कारण तिला बशी खरंच दिसत नव्हती. सगळं गाव म्हणालं, काय प्रेम आहे!

जिनीव्हानं मागे वळून पाहिलं. तिचा नवरा ड्वेन, महिन्यापूर्वीच निवृत्त झालेला, मागे उभा राहून जेवण वाढणाऱ्या मुलीला ताट कसं धरायचं ते शिकवत होता. जिनीव्हा आर्लिसच्या कानाशी वाकली.

"ऐक ना. खालीच बसतो का गं हा दिवसभर?"

"सकाळी नऊ ते पाच. जेवायला वर येतो."

"हे… आमच्या ड्वेनला जमेल?"

आता तळघरात दोन खुर्च्या आहेत. ड्वेन कड्या फाकवतो, मिटत नाही आणि सल्ले मात्र भरपूर देतो. व्हर्लिननं चष्मा लावलाय, पण तार तीच जाड. म्हणतो, तिला तशीच आवडते. माझी बिजागरी ढिली झालीय, बहिणीचं टोक झिजलंय. थोडे दिवस उरलेत आमचे.

तेव्हा एक मागणं आहे. तुमच्या घरी कुणी हातानं काही करून दिलं, तर खणात नका टाकू. एकदा घाला. आवडलं असं म्हणा. आणि मान दुखायला लागली तर वर बघा. आर्लिस आणि जिनीव्हा रोज दुपारी तशाच बसतात, दोघींच्या गळ्यात हार, ताठ मानेनं, टीव्हीसमोर, आणि त्या घरात एक शब्द कुणी मध्ये बोलत नाही.