एका चुलीला पंचवीस पिंजरे

आवं, सांगायची लाज वाटते, पण सांगते. माझ्याच घरात, मागच्या पडवीला, शेरडांच्या शेजारी बसून मी एकटी जेवते. पोरगं वाईट न्हाई. सून तर न्हाईच न्हाई. भांडण झालं आसतं तर बरं झालं आसतं, भांडण मिटवता येतं. आमचं भांडणच न्हाई, तर मिटवायचं काय, डोंबल?

समदं त्या खेकड्यांपायी झालं.

आमचं गाव धरणाच्या पाण्याला लागून. जमिनी पाण्याखाली गेल्या, मग लोकांनी पाण्यातच पोट शोधलं. माझा मालक व्हता तवा हातानं बिळातनं खेकडा काढायचा. आता जाळीचे पिंजरे आले. आत कोंबडीची आतडी बांधायची, सांजच्याला पाण्यात सोडायचा, सकाळी वर ओढायचा. पुढं महाबळेश्वरच्या हाटेलांची जीप काठावर यायला लागली आन गावाला याडच लागलं. कुणी शंभर पिंजरे टाकले, कुणी दोनशे. बघता बघता पाणी रिकामं. पिंजऱ्यात यायचे ते अंगठ्याएवढे, न्हाईतर पोटाखाली पिल्लं घेतलेल्या माद्या. त्याबी सोडीनात, मेले!

मग मच्छीमार सोसायटीची मिटिंग झाली. मासेखात्याचे सायेब आले व्हते. आमचे चेअरमन धोंडीबा शेजारी बसले व्हते. सायबानं इचारलं, पिंजरे माणशी द्यायचे का घरटी? बाप्ये बसले डोकी खाजवत. मीच उठले. म्हणलं, "माणशी दिले तर ज्याला पाच पोरं त्याचंच धरण. घरटी दिले तर एका घरात चार बिऱ्हाडं, ती काय चाटतील? चुलीला द्या. एक चूल, एक परवाना, पंचवीस पिंजरे. एका तव्यावरचं खातात ती समदी एक."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. धोंडीबा म्हणले, "वैनी, तुमी कलेक्टर व्हायला पायजे व्हतं!"

आन नियम खरंच गुणाचा, आजबी म्हणते. वरसाभरात तळहाताएवढे खेकडे परत दिसायला लागले. पण माणूस नियमापरीस शाणा. माझा सिद्धू एक दिस म्हणला, "आये, पंचवीस पिंजऱ्यांनी पाटी भरत न्हाई. पाटी भरली न्हाई तर जीप थांबत न्हाई. परवाना रेशनकार्ड बघून देतात, तवा कार्डच फोडू या. तुझं येगळं, आमचं येगळं. मागं पडवीत तीन विटा मांड. कागदापुरतं."

"बरं बाबा," मी हसले. "म्हातारपणी सवतासुभा करू."

निम्म्या गावानं तेच केलं. विटा मांडल्या, कार्ड फुटलं, माझ्या नावाचा परवाना झाला, त्याचा पितळी बिल्ला मिळाला. पैल्या पैल्यांदा लय मजा वाटली. दीपाली, माझी सून, मधल्या खिडकीतनं कालवणाची वाटी द्यायची. नात माया तर आपलं ताट उचलून माझ्याकडंच यायची. मी म्हणायचे, "आल्या का पाव्हण्या? बसा, बसा!" आन दोघी हसायचो.

गावात चुली वाढल्या, पिंजरे वाढले, तसा सोसायटीनं ठराव केला. जेवणाच्या टायमाला येऊन बघणार. दोन परवान्यांची माणसं एका पंगतीला घावली, तर दोन्ही परवाने रद्द.

पैला घावला मल्हार. त्याचा म्हातारा बाप लेकाच्या ताटात भाकरी कुस्करत व्हता, त्यो काय गुन्हा हाय? पण दोन्ही परवाने गेले. पन्नास पिंजरे काठावर आणून इळ्यानं फाडले. म्हातारा छाती पिटून म्हणत व्हता, "माझ्या एका घासानं केलं रं!" मल्हार आता वडूजला कुणाच्या ढाब्यावर भांडी घासतो.

त्या दिसापास्नं सिद्धूनं हाय खाल्ली. मधल्या खिडकीला पत्रा ठोकला. वाटी बंद. मायाचं येणं बंद. मी म्हणलं, "आरं, कागदापुरतं म्हणला व्हतास नव्हं?" तर म्हणला, "आये, कागद बघायला येत न्हाईत. ताट बघायला येतात."

एकटीसाठी सैपाक करून बघा कवातरी. एका भाकरीचं पीठ मळायलाबी जिवावर येतं. पत्र्यापलीकडं फोडणीचा वास, मायाचं खिदळणं, आन हिकडं मी आन शेरडं. मला ताप भरला तवा दीपाली पेज घिऊन पडवीच्या तोंडापतूर आली. म्होरल्या घराच्या वट्यावर धोंडीबांचा भाऊ बसलेला दिसला, तशी माघारी गेली. मला राग आला न्हाई तिचा. भीक मागितल्यागत वाटलं मात्र, माझ्याच घरात.

बरी झाले तशी धोंडीबांकडं गेले. बिल्ला पुढं ठिवला.

"हे घ्या भावजी. मला परवाना नगं. मला माझ्या लेकाच्या पंगतीला बसायचं हाय."

त्यांनी बिल्ल्याला हात लावला न्हाई. "वैनी, तसं न्हाई जमत. चूल फोडताना तुमी दोघांनी सांगितलं. एक करतानाबी दोघांनी सांगाय पायजे. तुमी मोडाल, पण घेणाऱ्यानं घेतली म्हणाय नगं?"

"घेतली म्हणंल की! माझा लेक हाय त्यो."

"मग सांजच्याला येतो. त्यानं म्हणलं की बिल्ला घिऊन जातो. तुमचे पंचवीस जातील, त्याचे ऱ्हातील. कुणाला काय बोलायचं न्हाई."

मी पळतच घरी आले म्हणा की. विटा लाथंनं पाडल्या. राख उकिरड्यावर टाकली. दीपालीला सांगितलं, तर तिनं माझ्या गळ्यात हात टाकला आन रडली पोरगी. "आत्याबाई, माझाबी घास उतरत नव्हता." तिनं खेकड्याचं कालवण केलं. मोठे खेकडे, अंधाऱ्या पाखातले, मांसानं भरलेले. चार ताटं मांडली. कितीतरी दिसांनी चार.

सिद्धू आला. ताटं बघितली आन भितीला टेकून बसला. मला वाटलं दमला आसंल.

दिवेलागणीला धोंडीबा आले. दारातच हुबं ऱ्हायले. म्हणले, "सिद्धू, वैनींनी चूल मोडलीय. तू एवढं म्हण, आई आमच्यात हाय. झालं."

सिद्धू भुईकडं बघत बसला.

"आवं, म्हणा की," दीपाली हळूच म्हणली.

त्यानं म्होरलं ताट जरा लांब सारलं. मी त्याच्याकडं बघत व्हते आन मला समजत व्हतं. जीप त्याच्या डोळ्यांम्होरं हुबी व्हती, आन मल्हारबी.

धोंडीबांना अवघडल्यागत झालं. कायतरी बोलायचं म्हणून हसून मायाला म्हणले, "काय गं बाये, आजी कुणाची?"

चार वरसांची पोर. उठून ताठ हुबी ऱ्हायली, हात मांड्यांला लावले, साळंत कविता म्हणत्यात तशी. "आजी येगळी हाय. आजीची चूल येगळी. आजी आमच्यात जेवत न्हाई."

इतकं बिनचूक लेकरू आपल्या मनानं बोलत न्हाई. मी सिद्धूकडं बघितलं. त्यानं मान वर केली, पण माझ्याकडं न्हाई, धोंडीबांकडं.

"लेकरू म्हणलं तेच खरं, तात्या," त्यो म्हणला. "आये कालवण न्यायला आली व्हती."

मी उंबऱ्यावर काढून ठिवलेला बिल्ला धोंडीबांनी उचलला. त्यो माझ्या हातात ठिवला, माझी बोटं त्याच्यावर मिटवली, आन गेले.

मी उठले. "ताट तरी न्या आत्याबाई," दीपाली म्हणली. मी म्हणलं, "नगं गं. एका पंगतीचं ताट दिसायला नगं कुणाला." पडवीत आले. विटा हुडकून परत मांडल्या, काटक्या घातल्या, जाळ केला.

तवर पत्र्यापलीकडं कोनतरी आलं. बारीक आवाजात म्हणलं, "आजे, म्या बरुबर म्हणलं का गं?"

म्हणलं, "व्हय गं माझे बाये. बरुबर म्हणलीस."