सतरा नंबरचा आवाज

हसू नका मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझं झाकण रबरबँडने धरून ठेवलंय आणि कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या फायलींखाली मी पडलोय. पण एक काळ असा होता, की माझ्यावाचून ताईंचं पान हलत नसे.

ताई म्हणजे संशोधन करणाऱ्या. बायकांची बाळंतपणं, त्यांची दुखणी, मुलं किती हवीत हे घरात ठरवतं कोण, असले प्रश्न विचारत त्या दारोदार फिरत. उन्हातान्हात मी त्यांच्या पिशवीत. एकदा माझी टेप गुंतली, तेव्हा पेन्सिल घालून त्यांनी ती अर्धा तास हळूहळू गुंडाळली होती. एवढी माया! मीही त्यांच्यावर जीव टाकायचो.

शिलाई कारखान्यामागच्या गल्लीत एक बाई राहायची. काजं-बटणं करायची. कुणाचं नाव लिहायचं नाही हा ताईंचा नियम, म्हणून ती सतरा नंबर. दुःखाचं काही सांगायचं झालं, की ती आधी खुदकन हसायची. मला बघून मात्र ती बिचकली.

"हे कुणाला सांगणार नाही ना?"

"हे मुकं आहे हो," मला थोपटत ताई म्हणाल्या. "आणि तुमचं नाव कुठेच येणार नाही."

मग ती हसली आणि बोलली. तिसऱ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती. पुन्हा दिवस गेले तर जिवाशी खेळ आहे, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. नवऱ्याला आणि सासूला तर चौथं हवंच होतं. म्हणून दर तीन महिन्यांनी दाढ दुखते असं सांगून ती दवाखान्यात जाई आणि मूल न राहण्याचं इंजेक्शन घेऊन येई. सासूबाईंना वाटत असेल, हिच्या तोंडात आता दातच उरले नाहीत, असंही ती म्हणाली. ताईंनाही हसू आलं. मी तिचा शब्द न शब्द जपून ठेवला.

वर्षाने अहवाल झाला. ज्यांनी माहिती दिली, त्यांना ती परत जाऊन सांगायची, हा ताईंचा आग्रह. हेतू चांगलाच होता की! गल्लीजवळच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं. पुरुषांना मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं, कारण ऐकायची गरज त्यांनाच होती. ताईंनी मला टेबलावर ठेवलं, समोर माइक लावला आणि सांगितलं, की ही तुमच्यातलीच एक बहीण आहे, नाव सांगणार नाही.

बटण दाबलं. मी खुदकन हसलो.

सगळ्या माना मागे वळल्या. मला थांबायचं होतं हो! टेप गुंतावी म्हणून मी तडफडलो, पण नेमका त्या दिवशी सुरळीत चाललो. दाढेच्या गोष्टीपर्यंत आलो, तेव्हा पहिल्या रांगेतला एक माणूस उठून बाहेर गेला. त्याच्यामागोमाग त्याची आई गेली.

सतरा नंबर जागची हलली नाही. "ताई, तुम्ही शब्द दिला होता."

"अहो, पण मी नाव कुठे घेतलं?"

"मग तो आवाज कुणाचा होता?"

त्या दिवसापासून तिची दाढ दुखायची बंद झाली.

वर्ष-सव्वा वर्षाने ताई तिच्या घरी गेल्या. थोरल्या मुलीने दार उघडलं. आई दवाखान्यात आहे, बाळ व्हायचंय, एवढं ती म्हणाली. मग पिशवीत तिला मी दिसलो आणि तिने दार लावून घेतलं. त्याच दुपारी ताईंनी मला या खणात टाकलं, जणू घात मीच केला. ज्यांनी मला मुकं म्हटलं, त्यांनीच मला बोलायला लावलं. सतरा नंबर वाचली का, हेही मला कुणी सांगितलं नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसा असं मी म्हणणार नाही. आवाज भरायचं लाल बटण दाबण्याआधी ताईंनी तिला विचारलं होतं. ऐकवायचं बटण दाबताना नाही विचारलं. तुमच्यापाशी कुणी विश्वासाने मन मोकळं केलं, तर ते चारचौघांत नेण्याआधी तिला पुन्हा विचारा. ती कदाचित आधी खुदकन हसेल. त्याला होकार समजू नका.