पिंजर लावलेलं इंजिन

माझं गॅरेज साखरप्याला, आंबा घाटाच्या पायथ्याशी. चौतीस वर्षं ट्रकखाली उताणा पडून काढली. काम संपलं की इंजिनवर पिंजर लावायची, म्हणजे कुंकवाचं बोट ओढायचं, आणि नारळ फोडायचा, ही माझ्या बापापासूनची रीत. त्या पिंजरीनेच माझ्या भाच्याचा घात केला.

अजिंक्य म्हणजे माझ्या बहिणीचा, सावित्रीचा मुलगा. आठ महिन्यांपूर्वी त्याने नवा ट्रक घेतला, दोन वर्षांच्या वॉरंटीचा. मी तेव्हाच बजावलं होतं, "ह्याला माझा हात नको. काय झाला तर वर्कशॉपात ने." पण एप्रिलच्या शेवटी आंब्याच्या पेट्या भरून कोल्हापूरला निघाला आणि घाट चढायच्या आधीच रेडिएटरचा रबरी पाइप फुटला. रत्नागिरीच्या अधिकृत वर्कशॉपला फोन लावला तर म्हणे, गाडी ओढून आणा, दोन दिवसांनी नंबर लागेल. पिकायला आलेला आंबा दोन दिवस थांबतो काय? त्याच कंपनीचा कोरा पाइप माझ्याकडे होता. तो बसवला, क्लिपा आवळल्या, अर्धा तास इंजिन चालवून पाहिलं. थेंबभर पाणी गळलं नाही. मग सवयीने हात पिंजरीच्या डबीकडे गेला.

गाडी कोल्हापूरला जाऊन आली, वर आणखी दोन फेऱ्या झाल्या. आठव्या दिवशी पाण्याचा पंप आतून तुटला, इंजिन तापलं आणि त्याचं वरचं झाकण, म्हणजे हेड, वाकलं. त्या पंपाला माझं बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. अजिंक्यने ट्रक ओढत रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या त्याच वर्कशॉपात नेला. तिथे पंप काढून बघितला, मग ट्रक नऊ दिवस नुसता उभा राहिला, आणि इकडे लोकांचा आंबा दुसऱ्यांच्या गाड्यांतून जात होता. दहाव्या दिवशी मला घेऊन अजिंक्य तिथे गेला.

काउंटरवर ओमकार नावाचा माणूस होता. गोड बोलणारा. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. माझ्याच बोटाची लाल रेघ.

"काका, हे कुंकू आमच्याकडे लावत नाहीत. बाहेर काम झालंय. वॉरंटी बाद."

"पाइप बदलला मी. पंप फुटला तुमचा. पाइपाचा आणि पंपाचा काय संबंध?"

"सिस्टिम एकच ना, काका."

"मग पंप दाखवा मला."

"काढलेले पार्ट दाखवायची पॉलिसी नाही."

"गाडी तरी बघू दे."

"पिवळ्या पट्टीच्या आत गिऱ्हाइकाला सोडत नाही. इन्शुरन्सचा प्रॉब्लेम होतो."

मी चिडलो. ज्याने आयुष्यात पाना धरला नाही तो मला इंजिन शिकवत होता! एसीत बसून लोकांच्या पोटावर पाय द्यायचा आणि वर काका म्हणायचं. पण आवाज चढवून करतो काय? ट्रक त्यांच्या ताब्यात. खर्च एक लाख नव्वद हजार, शिवाय तिसऱ्या दिवसापासून जागेचं भाडं रोजचं पाचशे. नऊ दिवस दुरुस्ती न करता गाडी उभी ठेवली त्यांनी, भाडं भरायचं आम्ही.

मग ओमकारने हळूच एक कागद पुढे सरकवला. वर कंपनीचं चिन्ह, खाली दोन ओळी. अकुशल कारागिराने केलेल्या चुकीच्या दुरुस्तीमुळे इंजिन निकामी झाले. त्याखाली कारागिराच्या सहीसाठी रिकामी जागा.

"ही सही मिळाली तर मॅनेजर अर्धं बिल माफ करतील. भाडंही काढून टाकतील. चार दिवसांत गाडी तुमच्या हातात."

मला कळलं. ह्या कागदामुळे कंपनीचाच पंप खराब निघाला ह्याची नोंद कुठेच होणार नव्हती.

मी अजिंक्यकडे पाहिलं. तो काचेबाहेर बघत होता. हातात मोबाइल, त्यावर बागायतदारांचे फोन येत होते आणि तो घेत नव्हता. आंब्याचे जेमतेम वीस दिवस उरले होते. त्याने 'नको मामा' एवढं म्हणायला हवं होतं. मी वाट पाहिली. तो म्हणाला नाही.

मी सही केली. धाकू गंगाराम शिगवण. अकुशल ह्या शब्दाकडे बघवेना, तरी बघितलं.

बाहेर आलो. स्टँडपर्यंत दोघं चालत गेलो. साखरप्याची एसटी लागलेली होती. मी चढलो; अजिंक्य ट्रकसाठी मागे थांबणार होता, तो खिडकीखाली येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता रडणार पोर.

"मामा," तो म्हणाला, "रागवू नको. पण पाइप बसवताना खरंच तुझ्या हातून काय करायचा ऱ्हवला नव्हता ना?"

लहानपणी माझ्या गॅरेजात, माझ्याच मांडीवर बसून स्टिअरिंग धरायला शिकलेला हा. पण त्या कागदावरची सही माझीच होती. गाडी सुटेपर्यंत तो तिथेच उभा होता, उत्तराची वाट बघत.