बिनआवतनाचा

मिलमधून परत येताना गाडीवर मागे बसलेल्या संघपालने प्रणितच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "अरे, तुझे बाबा काल आमच्या गावात होते. लग्नात. चांगले पोटभर जेवले."

सावली गावातल्या एका राइस मिलमध्ये दोघंही मशीनवर कामाला होते. पेट्रोल परवडेनासं झालं तेव्हापासून एक दिवस याची गाडी, एक दिवस त्याची, असं त्यांनी ठरवून घेतलं होतं. संघपालचं गाव वाटेतच पडायचं.

"असन कोनी ओळखीचं," प्रणित म्हणाला. "बाबाच्या ओळखी का कमी हायेत?"

"तसं नाई. जेवन झाल्यावर पत्रावळ्या उचलून राह्यले होते. म्हनून म्हनलं."

संघपाल त्याच्या फाट्यावर उतरला, हात हलवून गेला. पुढचे चार किलोमीटर प्रणित एकटाच होता, आणि त्या चार किलोमीटरांत त्याला कळून चुकलं होतं. फक्त त्याने ते कळू दिलं नाही स्वतःला.

त्याचे वडील वारलू आता सत्तरीच्या पुढचे. हाताला जोर होता तोवर गावातल्या कुठल्याही कार्यात भात शिजवायचा तो वारलूनेच. किती माणसाला किती तांदूळ लागेल हे तो मांडवाकडे नुसती नजर टाकून सांगायचा. लोक त्याला दोनदा बोलावणं धाडायचे, आणि आवतन नसलेल्या घरी तो पाण्यालाही थांबायचा नाही.

पण ती गोष्ट जुनी. गेल्या दोन वर्षांत प्रणितच्या घरातून एकेका जिनसाने काढता पाय घेतला होता. आधी दुपारचा चहा गेला. मग तुरीची डाळ पातळ होत होत एक दिवस दिसेनाशीच झाली आणि तिच्या जागी स्वस्तातली लाखोळीची डाळ आली. सिलिंडर फक्त सकाळच्या डब्यापुरतं. संध्याकाळी उर्वशी, प्रणितची बायको, चूल पेटवायची आणि धुराने लाल झालेले डोळे पदराने पुसत भाकरी थापायची. फोडणीला पळीने पडणारं तेल चमच्यावर आलं. नववीतल्या दीपिकाला पुरीभाजी हवी असली की तिने आईचं तोंड बघून गप्प बसायचं, एवढं तिलाही समजू लागलं होतं.

भातावर कच्चं जवसाचं तेल आणि वरून तिखट, हे म्हाताऱ्याचं जन्मभराचं जेवण. होळीच्या आधीची गोष्ट. वारलूने ताटावर तेलाची बाटली तिरपी केली, हात थरथरला आणि तेल भातावरून ताटाच्या काठापर्यंत ओघळलं. प्रणित नुकताच अंगणात तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकून जेवायला बसला होता. त्या दिवशी पंपावर पुन्हा भाव वाढलेला बघून आला होता, डोकं आधीच तापलेलं.

"बाबा, जरा हात आखडून घ्या न," तो म्हणाला. "बसून खानाऱ्याले भाव काय समजते?"

दीपिकाने मान खाली घातली. उर्वशी चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे करत राहिली. वारलूने बाटलीचं बूच लावलं, बाटलीच्या तोंडावरचा थेंब बोटाने निपटला आणि ते बोट भाताला पुसलं.

"बरं," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्याने सुनेला सांगितलं, "बाई, मले आता दोन टाइम पचत नाई. एकच टाइम ठेव माझं."

"असं कसं मामाजी? थोडं तरी खा," उर्वशीने आग्रह केला. एकदा केला. दुसऱ्यांदा केला नाही.

मग उन्हाळा लागला, लग्नसराई सुरू झाली, आणि वारलू सकाळीच धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर दुपट्टा टाकून, काठी घेऊन निघू लागला. कुठे म्हणून विचारलं तर म्हणायचा, "येतो फिरून. चार मानसं भेटतात." दिवस कलताना परत यायचा आणि ओट्यावर पाय पसरून बसायचा. घरी आता एकवेळही पुरतं जेवायचा नाही. त्या महिन्यात तांदूळ पंचवीस तारखेनंतरही कोठीत होता. प्रणितने हात घालून पाहिला होता आणि त्याला बरं वाटलं होतं. अगदी मनापासून बरं वाटलं होतं.

संघपालने सांगितल्याला आठ दिवस झाले असतील. रामाजी नावाचा एक मोठा कास्तकार मिलमध्ये धान आणायचा. त्याच्या मुलीचं लग्न होतं, आणि त्याने मिलमधल्या झाडून साऱ्यांना आवतन दिलं होतं. दुपारी मिल बंद करून सगळे गेले. मांडवात उकाड्याने जीव जात होता. पहिली पंगत वरातीची झाली, दुसरी पाहुण्यांची. मिलच्या लोकांसाठी बाजूला टेबलावर सोय होती. प्रणितने ताट भरून घेतलं आणि सावलीसाठी पाण्याच्या टँकरजवळ येऊन उभा राहिला. वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. बुंदी पाहून त्याला दीपिका आठवली.

शेवटची पंगत बसत होती. गावातली बायकापोरं, मांडव घालणारे, वाजंत्रीवाले. त्या ओळीच्या टोकाला, दुपट्ट्याने मान पुसत, एक पाय दुमडून त्याचा बाप बसला होता. समोर पत्रावळ होती आणि तिच्यावर अजून काही पडलं नव्हतं.

वाढणारा एक तरुण बादली घेऊन त्याच्यासमोर थांबला. "बाबा, तुमी कोनाकडले?"

वारलूने वर पाहिलं. "वरातीसंगं आलो."

"वरातीची पंगत तं कवाचीच उठली."

"पाय दुखून राह्यले होते. मांगं राह्यलो."

"गाव कोनतं तुमचं?"

वारलूने एका गावाचं नाव घेतलं. ते त्याचं गाव नव्हतं. शेजारचा वाजंत्रीवाला हसला, "वरात तं ब्रह्मपुरीकडून आली म्हनतात, बाबा," आणि ओळीतली चारदोन माणसं वळून बघू लागली.

प्रणितला फक्त दहा पावलं टाकायची होती. 'हे माझे बाबा,' एवढंच म्हणायचं होतं. आवतन तर त्याला होतंच. त्याच्या बापाला कोण उठवणार होतं? पण मागे मिलची सगळी माणसं उभी होती आणि त्याच्या हातातल्या ताटात बुंदी होती. त्याचे पाय मागे सरकले. टँकरच्या चाकाआड तो असा उभा राहिला की मांडवातून दिसू नये. संघपाल तिथेच नळाखाली हात धूत होता. त्याने प्रणितकडे पाहिलं, पंगतीकडे पाहिलं आणि हात धूतच राहिला.

"अरे, वाढ न त्याले!" मांडवाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या रामाजीने तिथूनच आवाज दिला. "मानूस पानावर बसल्यावर गाव इचारते का कोनी?"

भात पडला, वरण पडलं. वारलू जेवला. घाईघाईने नाही, नीट, सावकाश जेवला. पंगत उठल्यावर त्याने दुपट्टा कमरेला बांधला आणि उष्ट्या पत्रावळ्या गोळा करायला लागला. मग भात शिजवलेले मोठाले गुंडे राखेने घासायला बसला. प्रणितने आपलं ताट तसंच भरलेलं टँकरखाली ठेवलं आणि कोणालाही न सांगता तो निघून आला.

घरी उर्वशी तांदूळ निवडत होती. त्याने तिला सगळं सांगितलं. टँकरचं मात्र सांगितलं नाही.

तिने सुपातून मान वर केली नाही. "मले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"त्याइचा दुपट्टा मी धुतो. वरनाचे डाग असते. आपल्या घरी असं वरन कवा शिजलं एवढ्यात?"

"मंग बोलली काऊन नाई?"

"काय बोलू?" तिचा आवाज चिरकला. "तेवढंच एक ताट कमी," आणि हे तोंडातून निघून गेल्यावर तिने पदर तोंडाशी नेला. मग ती म्हणाली, "तुमी त्याइले बोलले तवा तुमच्या तोंडाले खर्र्याचा वास येत होता. रोजचे दोन खर्रे तुमचे. तेल बंद झालं, चहा बंद झाला, ते नाई बंद झाले. मी ते बी नाई बोलली."

प्रणितचा हात आपोआप खिशाकडे गेला होता. खिशात पुडी होती. त्याने हात तिथेच ठेवला, मग काढून घेतला.

ऊन उतरल्यावर वारलू आला. हातपाय धुतले, ओट्यावर बसला. प्रणित त्याच्याजवळ जाऊन खालच्या पायरीवर बसला. समोरच्या रस्त्यावरून बकऱ्या घरी परतत होत्या.

"बाबा, आज मी बी तिथीच होतो."

"हो," वारलू म्हणाला. "टँकरच्या मांगं."

प्रणितच्या कानशिलांवर चटका बसल्यासारखं झालं. "तुमाले दिसलो?"

"पयलेच दिसला. मी बसलो तवाच." वारलू पायाची पोटरी दाबत होता. "उठून जावं म्हनलं, पन तवर पान मांडलं होतं समोर. तुझं नाव सांगतलं असतं तं तुले खाली पाहा लागलं असतं. मिलचे लोक होते संगं. म्हनून वरातीतला म्हनलो."

हे सांगताना त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर प्रणितला सोपं गेलं असतं. चुकलो, माफ करा, असं काहीतरी त्याच्या घशापर्यंत आलं; पण त्या घरात बापलेकांत अशी भाषा कधी झाली नव्हती, आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"उद्यापासून घरीच जेवत जा. दोन्ही टाइम."

ते हुकमासारखं वाटलं. त्यालाही वाटलं.

"बरं," वारलू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मिलमधल्या पत्रूने लग्नातली गंमत सांगायला घेतली. कंबरेत वाकून, हातात काठी असल्यासारखं करून तो म्हाताऱ्याचा आवाज काढू लागला, "'वरातीसंगं आलो' म्हने! आन् वरात कुठली ते बी पत्ता नाई!" पोत्यांवर बसलेली माणसं खदाखदा हसली. प्रणितला वाटलं, आता उठावं. तो उठला, आणि मशीन सुरू करायला गेला. मशीनच्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही. संघपाल त्याच्यामागे आला. "मी कोनाले बोललो नाई," एवढंच म्हणाला. ते ऐकून प्रणितला आणखीच लहान झाल्यासारखं वाटलं.

त्या आठवड्यात त्याने कामात दोनदा चूक केली. तिसऱ्यांदा मुकादमाने झापलं तेव्हा त्याने मनाशी ठरवलं. रविवारी सकाळी त्याने वारलूला म्हटलं, "बाबा, चला. रामाजीकडं जाऊन येऊ."

"काऊन?"

"चला न."

वारलू काठी घेऊन उठला. गाडीवर मागे बसला. वाटेत खड्डा आला की तो मुलाच्या खांद्याला धरायचा आणि खड्डा संपला की हात काढून घ्यायचा.

रामाजी अंगणात बाजेवर बसला होता. मांडव उतरला होता. बांबूंची खोडं अजून जमिनीत होती. प्रणितने चप्पल काढली आणि उभ्याउभ्याच बोलून टाकलं, नाहीतर बोलता आलं नसतं.

"रामाजीभाऊ, हे माझे बाबा. त्या दिवशी शेवटच्या पंगतीत होते. मी पायलं, पन मी समोर आलो नाई. सांगतलं नाई कोनाले."

रामाजीने वारलूकडे निरखून पाहिलं. "अगा, हे तुझे वडील? आमी तं समजलो मांडव-बिछायतवाल्याचा मानूस हाये! एवढे गुंडे एकट्यानं घासले त्याइनं. आमची बाई मजुरी देऊन राह्यली होती, घेतली नाई." तो ओशाळून हसला, मग हसू आवरून बाजेवर सरकला. "बसा बाबा, बसा. चुकलं आमचं. ओळखलं नाई."

"तुमचं काय चुकलं?" वारलू म्हणाला. तो बसला, पण बाजेच्या अगदी काठावर.

घट्ट दुधाचा चहा आला. वारलू गोठ्यातल्या बैलांकडे बघत चहा प्याला आणि बशी उचलून विसळायला निघाला, तेव्हा रामाजीच्या बायकोने ती त्याच्या हातातून ओढून घेतली. प्रणितने तोंड फिरवलं. निघताना रामाजी म्हणाला, "बुधवारी नातवाचं बारसं हाये. तुमाले आवतन हाये बाबा, घरादाराले. नक्की या."

"येतो," वारलू म्हणाला.

परत जाताना प्रणितला वाटत होतं की थोडंफार फेडलं. बापाने मागून काहीतरी बोलावं याची तो वाट बघत राहिला. गाव आलं तेव्हा वारलू उतरला आणि म्हणाला, "एवढं नको होतं करू बाबू. मले त्याइनं ओळखलं नव्हतं, तेच बरं होतं."

भाव काही उतरले नाहीत. सिलिंडर अजूनही सकाळपुरतंच असतं. प्रणितचा खर्रा दोनावरून एकावर आला; सुटला असं म्हणायची त्याची छाती नाही. वारलू पुन्हा दोन्ही वेळ घरी जेवतो, सून वाढेल तेवढं.

त्या बुधवारी उर्वशीने त्याच्यासाठी धोतर धुऊन घडी करून ठेवलं होतं. "पाय दुखते आज," वारलू म्हणाला. "तुमी जाऊन या." दीपिकाने हात धरून ओढलं तरी तो ओट्यावरून उठला नाही.

तिघंच गेले. पंगत बसली तेव्हा रामाजी स्वतः वाढायला आला. प्रणितच्या पानाशी थांबून त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"बाबा नाई आले?"

"नाई," प्रणित म्हणाला. पाय दुखतात, हे त्याला सांगता आलं असतं. त्याने मान खाली घातली, आणि रामाजीने भात वाढला.